पाऊणकी

मानस म्हणजे मन, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.
त्याआधी मानस म्हणजे
चोडणच्या बांधातलं दार,
तीन गाळे, सागाच्या फळ्या,
अलीकडे खाजनातलं भात, पलीकडे खाडी,
आणि मध्ये माझे आजोबा, सगुण गोपी घाडी,
गुडघाभर चिखलात.

भरतीला दार लावायचं,
ओहोटीला उघडायचं.
एवढंच काम.
दिवसरात्र धरून, बेचाळीस वर्षं.

घरात घड्याळ होतं, मोठ्या काकांनी आणलेलं.
आजोबा त्याच्याकडे
पाहुण्याकडे बघावं तसं बघत.
"उदकाक घड्याळ आसना, बाये," म्हणत
आणि तिथी विचारत.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
चतुर्थी? चार पाऊण तीन.
अष्टमी? आठ पाऊण सहा.
सहीला अंगठा, पण पाऊणकी तोंडपाठ.
आमच्या बाई म्हणाल्या, असला पाढा आता नसतो.
मी घरी येऊन सांगितलं.
ते म्हणाले, बाईंना म्हणावं
पंचमीच्या रात्री पावणेचारला बांधावर या,
दाखवतो असतो का ते.

झोप त्यांना सलग कधी मिळाली नाही.
दोन तुकडे रात्रीचे,
तिसरा कधीकधी जेवता जेवता,
हातात घास तसाच.
पायांची कातडी पांढरी, फुगलेली,
एप्रिलातसुद्धा.

कुर्ल्या बांध पोखरायच्या.
ते एकेक बीळ टाचेने बुजवत,
प्रत्येकीला वेगळी शिवी देत.
रात्री तीच कुर्ली ताटात आली की
तिची नांगी उचलून म्हणत,
ही ओळखीची आहे.

पुढे कोणीतरी मानशीचा लिलाव घेतला
आणि दार उलटं चालवलं.
भरतीला उघडं, मासळी आत यावी म्हणून.
पहिल्या वर्षी कोरगुट पिवळं पडलं,
तिसऱ्या वर्षी शेतात तिवरं उभी.
आजोबा भांडले नाहीत.
एकदा बांधावर जाऊन आले फक्त.
हाताला काही लागलं नव्हतं
तरी विहिरीवर खूप वेळ हात धूत राहिले.

बांबोळीच्या हॉस्पिटलात
नर्सने विचारलं, आजोबा, आज वार कुठला?
ते म्हणाले, वार कशाला, तिथी विचार.
कागदावर लिहिलं गेलं: भान नाही.

माणूस ओहोटीबरोबर जातो असं म्हणतात.
मी बाहेरच्या बाकावर बसून हिशेब केला.
दशमी. दहा पाऊण साडेसात.
ते गेले दुपारी सव्वाचारला.
ना भरती, ना ओहोटी,
पाणी मध्येच कुठेतरी, चढत.
दार लावायची वेळ केव्हाच टळून गेलेली.
मी पुन्हा पुन्हा मांडलं,
उत्तर तेच आलं.

काल माईआत्याच्या लग्नाचा अल्बम काढला.
एका फोटोत पंगत बसलीय,
आजोबांच्या पानावर वाढलेलं सगळं
आणि पाट रिकामा.
मला माहीत आहे ते कुठे होते.
भर पंगतीतून उठले होते,
यजमान, मुलीचा बाप,
"आयलोंच" म्हणून.
पुढच्या फोटोत परत आलेत.
नवं पुडवें गुडघ्यावर खोचलेलं,
खाली दोन्ही पाय खाजनाचे, काळे.
फोटोग्राफर त्यांना मागच्या रांगेत जा म्हणत होता म्हणे.
आत्याने हात धरून पुढे ओढलं,
इतकं जवळ की तिच्या शालूच्या काठाला
चिखल लागलेला दिसतो,
बोटभर,
वाळायला लागलेला.

तो शालू तिने नंतर धुतला का,
विचारायचं राहून जातं दर वेळी.